शेजाऱ्याची कथा वाचताना

नववीच्या वर्गात कथा लिहून झाल्या, की ‘आता शेजाऱ्याची वही तपासा’ एवढं सांगून भागत नाही. मुलं लगेच लाल पेन काढतात, ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात, खाली ‘छान’ लिहितात आणि वही परत देतात. तपासणं म्हणजे हेच, असं त्यांनी आपल्याकडूनच पाहिलेलं असतं. म्हणून पहिल्या तासाला वह्या बदलूच नयेत. शिक्षकानं स्वतःचा कच्चा उतारा फळ्यावर लिहावा आणि विचारावं : कुठे चित्र दिसलं? कुठे गोंधळलात? बाईंच्या लेखनाबद्दल मोकळेपणानं बोलता आलं, की मैत्रिणीच्या लेखनाबद्दल बोलताना भीड वाटत नाही.

मग तिघा-तिघांचे गट करावेत. एकच वाचक असला, तर ‘त्याला कळलंच नाही’ म्हणून लेखक सुटतो. दोघे एकाच वाक्याला अडखळले, की ते वाक्य पुन्हा बघावंच लागतं.

कथा लेखकानं स्वतः वाचू नये, गटातल्या दुसऱ्यानं मोठ्यानं वाचावी. लेखक वाचताना कागदावर नसलेलंही आवाजातून भरून काढतो. दुसरा जिथे थांबेल, मागे जाईल, तिथे लेखकानं पेन्सिलनं खूण करावी. नंतरच्या चर्चेत त्यानं गप्प राहावं. १९३६ साली सुरू झालेल्या अमेरिकेतल्या आयोवा लेखन-कार्यशाळेची ही प्रसिद्ध रीत. मुलांना हे फार जड जातं, पण लेखक खुलासा करू लागला की कथेत काय राहून गेलंय ते झाकलं जातं.

समजा, कथेत आहे : ‘ओढ्याला पूर आला. आजी खूप घाबरली.’ इथे वाचकानं नवं वाक्य लिहून द्यायचं नाही. फक्त विचारायचं, ‘घाबरल्यावर आजीनं काय केलं?’ दुसऱ्या खर्ड्यात कदाचित येईल : ‘आजीनं पिठाचा डबा फळीवर चढवला आणि पुन्हा दारात जाऊन उभी राहिली.’ ‘खूप घाबरली’ हे शब्द गेले, भीती मात्र आली. वाचकानं स्वतःच वाक्य घातलं असतं, तर हा पिठाचा डबा कधी सापडलाच नसता, कारण तो लेखकाच्या घरातला आहे.

‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहून शंका विचारत, बदल सुचवत. अशा पत्रांतून कथा पुन्हा लिहिल्या जात. वर्गातही शेरा एखाद्या ओळीबद्दलच्या प्रश्नासारखा असावा आणि तो मानायचा की नाही, हे लेखकानं ठरवावं. न मानल्यास कारण मात्र समासात लिहावं. ते लिहिता लिहिता बऱ्याच जणांचं मत बदलतं.

शुद्धलेखन अगदी शेवटी. जे वाक्य उद्या खोडलं जाणार, त्यातल्या वेलांट्या आज सुधारून उपयोग नाही. गुण देताना दोन्ही खर्डे जोडून घ्यावेत आणि काही गुण मुलानं इतरांना विचारलेल्या प्रश्नांसाठी राखावेत.