कुलूपबंद प्रयोगशाळा सुरक्षित असते काय?

शालान्त परीक्षेचा हंगाम जवळ आला की अनेक माध्यमिक शाळांतून एक दृश्य हमखास दिसते. वर्षभर बंद असलेल्या प्रयोगशाळेचे कुलूप निघते, टेबलांवरची धूळ झटकली जाते, स्पिरिटच्या दिव्यांत नव्या वाती पडतात आणि ज्यांनी परीक्षानळी आजवर पाठ्यपुस्तकातील आकृतीतच पाहिली, अशी मुले प्रथमच ती ज्योतीवर धरतात. दहावीच्या विज्ञानातील १०० पैकी २० गुण प्रात्यक्षिकांसाठी आहेत. प्रयोगवह्या नेटक्या उतरवलेल्या असतात आणि गुणही सहसा चांगले पडतात. प्रयोगशाळा वर्षभर बंद का, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते : मुलांना काही झाले, तर जबाबदारी कोणाची?

प्रश्न रास्त आहे. परंतु कुलूप हे त्याचे उत्तर नव्हे. कुलुपाने धोका नाहीसा होत नाही. तो साठत जातो आणि नेमका परीक्षेच्या दिवशी, गोंधळलेल्या व अननुभवी हातांत येऊन पडतो. दरम्यान बंद कपाटातील बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या आम्लाच्या वाफांनी गळून पडलेल्या असतात आणि कोणत्या बाटलीत काय आहे, हे सांगणारा परिचर निवृत्त झालेला असतो.

धोके मोजकेच, आणि ओळखीचे

शालेय प्रयोगशाळेतील धोके गूढ नाहीत. संहत सल्फ्युरिक आम्ल पाण्यात मिसळताना प्रचंड उष्णता बाहेर पडते. आम्लावर पाणी ओतले, तर हलके पाणी वरच्या थरातच उकळते आणि आम्लाचे शिंतोडे थेट चेहऱ्यावर उडतात. म्हणून पाण्यात आम्ल, तेही थेंबाथेंबाने व ढवळत, हा नियम. तो पाठ असणे आणि हाताला वळण असणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्पिरिटच्या दिव्याची ज्योत भर उजेडात नीट दिसत नाही. दिवा विझला असे समजून कोणी त्यात स्पिरिट ओतू लागते आणि भडका उडतो. मुलींच्या ओढण्या, मोकळ्या वेण्या आणि भाजल्यावर वितळून कातडीला चिकटणारे टेरिकॉटचे गणवेश यांचा विचार प्रयोगापूर्वी क्वचितच होतो.

नियम ठाऊक असून भागत नाही, याचे उदाहरण अमेरिकेतील आहे. क्षारांमुळे ज्योतीला येणारे निरनिराळे रंग दाखविण्यासाठी तेथील शाळांतून मिथेनॉल पेटवले जाई. त्यात विद्यार्थी भाजल्याच्या घटना घडल्यावर तेथील रासायनिक सुरक्षा मंडळाने डिसेंबर २०१३ मध्ये इशारा देणारी चित्रफीत प्रसृत केली. त्यानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी २०१४ मध्ये, न्यूयॉर्कमधील एका माध्यमिक शाळेत तोच प्रयोग चालू असताना भडका उडून एक विद्यार्थी गंभीररीत्या भाजला. अशा अपघातांतून निघालेला धडा साधा आहे : ज्वालाग्राही द्रवाचा मोठा साठा ज्योतीजवळ आणू नये. आपल्याकडे तर स्पिरिटचा डबाच टेबलावर ठेवून एकामागून एक दिवे भरले जातात. इशारा वर्गापर्यंत पोहोचवणारी व्यवस्था नसेल, तर इशाऱ्याचा उपयोग होत नाही.

दंडाची वसुली

याहून सूक्ष्म अडचण शाळांनीच निर्माण केलेली आहे. काचसामान फुटले की ते फोडणाऱ्याकडून भरपाई घेण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी आहे. हेतू चांगला, मुलांनी वस्तू जपून हाताळावी, एवढाच. परिणाम मात्र उलटा होतो. तापमापी फुटली की मूल पहिल्यांदा आजूबाजूला पाहते आणि पायाने काचा टेबलाखाली सारते. त्यातील पाऱ्याचे थेंब फरशीच्या सांध्यांत जातात आणि त्याची विषारी वाफ बंद खोलीत साचत राहते. पाऱ्याला जागतिक आळा घालण्यासाठी २०१३ मध्ये मिनामाता करार झाला आणि २०१८ मध्ये भारताने त्यास मान्यता दिली. परंतु शाळेच्या कपाटातील जुन्या तापमाप्यांना कराराची वार्ता नसते. त्यांच्या जागी लाल द्रवाच्या तापमाप्या सहज वापरता येतात. जी चूक सांगितल्याने दंड होतो, ती चूक सांगितली जात नाही. फुटलेल्या काचेची माहिती देणाऱ्या मुलाला शाबासकी मिळाली, तर नळीची किंमत केव्हाच वसूल झाली असे समजावे.

हेच शिक्षकांनाही लागू पडते. प्रयोग घेताना एखाद्या मुलाचे बोट भाजले तर शिक्षकाची चौकशी होते. मुळीच प्रयोग न घेणाऱ्या शिक्षकाची चौकशी कधी होत नाही. साठ-पासष्ट मुलांचा वर्ग, मदतीला परिचर नाही, अशा स्थितीत शिक्षकाने कुलूप पसंत केले, तर दोष त्याच्या भित्रेपणाचा नसून भित्रेपणा फायद्याचा ठरवणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

हिशेबात न दिसणारा लाभ

या सर्वांच्या मुळाशी खर्चाकडे पाहण्याची आपली दृष्टी आहे. इमारत बांधण्यास देणगीदार मिळतो. प्रयोगशाळेच्या उद्घाटनास पाहुणे मिळतात. परंतु रबरी नळ्या बदलणे, चिठ्ठ्या नव्याने लावणे, संरक्षक चष्मे घेणे, परिचराचे वेतन देणे, या आवर्ती खर्चास कोणी वाली नसतो. त्यापासून होणारा लाभ म्हणजे न झालेला अपघात, आणि न झालेल्या अपघाताची नोंद कोणत्याच खातेवहीत होत नाही. तपासणीस आलेला अधिकारी डेडस्टॉक रजिस्टर पाहतो; नळाला पाणी आहे का, हे पाहत नाही.

कुंभकोणम येथे जुलै २००४ मध्ये शाळेला लागलेल्या आगीत नव्वदहून अधिक मुले दगावली. त्यानंतरच्या याचिकेवर एप्रिल २००९ मध्ये निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला आणि शाळांतून अग्निशामक साधने बसविण्याचे आदेश दिले. भिंतींवर लाल नळकांडी आली. परंतु ती पुन्हा भरण्याची तारीख कोण पाहतो, आणि ती चालवायची कशी, हे किती जणांना ठाऊक आहे? खरेदी एकदाच करावी लागते, देखभाल मात्र दरवर्षी. २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांच्या योजनेत प्रत्येक शाळेस २० लाख रुपयांपर्यंतच्या अनुदानाची तरतूद करताना निम्मी रक्कम उभारणीसाठी आणि निम्मी पुढील पाच वर्षे ती चालविण्यासाठी ठेवण्यात आली. हे तत्त्व साध्या विज्ञान प्रयोगशाळेला लावण्यास कोणती हरकत असावी?

काय करता येईल

त्यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. वर्गाचे वीस-वीस मुलांचे गट पाडावेत. रिकामी असलेली परिचरांची पदे भरावीत. रसायने मोठ्या बाटल्यांतून नव्हे, तर लहान प्रमाणात मुलांपुढे ठेवावीत. तोंडाने पिपेट ओढण्याची सवय मोडून रबरी फुगा वापरावा. वाळूच्या बादल्यांत वाळूच असावी, कागदाचे बोळे नसावेत. आणि सर्वांत मोलाचे साधन म्हणजे वाहत्या पाण्याचा नळ. डोळ्यात रसायन गेले, तर निदान पंधरा मिनिटे पाण्याची धार धरून लगेच डॉक्टरांकडे न्यावे. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे गार पाणी सोडावे, शाई किंवा टूथपेस्ट लावू नये. पाण्याची टंचाई असलेल्या गावी तोटीची टाकी भरून ठेवल्याखेरीज प्रयोगास प्रारंभ करू नये, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ इजा टळतील.

मुलांना आगीपासून दूर ठेवणे म्हणजे सुरक्षितता नव्हे. आग कशी हाताळावी हे त्यांना येणे म्हणजे सुरक्षितता होय. हीच मुले उद्या कारखान्यांत, दवाखान्यांत, शेतावरील फवारणीत आणि स्वयंपाकघरातील गॅसपाशी उभी राहणार आहेत. तेथे कुलूप लावून त्यांचे रक्षण करण्यास कोणी येणार नाही. प्रयोगशाळेत शिकलेली सावधगिरी तेवढी त्यांच्या सोबत असेल, आणि ती शिकवायची असेल, तर आधी दार उघडावे लागेल.