सामन्यांची वही

धामणगावात आलेली कापसाची गाडी आधी काट्यावर चढते. भरलेल्या गाडीचं वजन, मग रिकाम्या गाडीचं, मग पावती. जिनिंगमध्ये सरकी वेगळी मोजतात, रुई वेगळी, आणि गाठी वेगळ्या. यवतमाळच्या माणसाला रेल्वेगाडी पकडायची तर अजूनही तो इथेच येतो, कारण मुंबई–हावडा मार्ग त्याला इथे भेटतो. गावाच्या नावालाच रेल्वे चिकटलेली आहे – धामणगाव रेल्वे – त्यामुळे वेळ मोजायचीही आम्हाला सवय. थोडक्यात काय, आमच्या गावातून न मोजलेलं सहसा काही बाहेर जात नाही.

माझे मामा या गावात तीसेक वर्षं कबड्डी खेळले. सात जणांच्या साखळीत ते सेंटरला, म्हणजे अगदी मधोमध उभे राहायचे. कोपऱ्यातल्या खेळाडूने घोटा धरला की चढाईपटू पहिला झटका मधल्या माणसाच्या अंगावर देतो. तो झटका पोटावर झेलायचा आणि निसटू पाहणाऱ्याची मध्य रेषेकडची वाट अडवायची, हे मामांचं काम. त्यांचा उजवा खांदा आजही डाव्यापेक्षा बोटभर खाली आहे. सदरा घातला की शिवण एका बाजूला घसरते, आणि मामी ती हाताने नीट करते. दोन वर्षांपूर्वी मी सहज विचारलं, ‘‘मामा, एकूण सामने किती खेळले असाल?’’

ते हसले. ‘‘सामने कोन मोजते बावा? खाल्लेल्या भाकरी कोनी मोजते का?’’

तेव्हा मीही हसलो. पण पुढे बरेच दिवस तो प्रश्न मनातून गेला नाही. त्याच काळात मी ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या एका खेळाडूविषयी वाचत होतो, आणि त्याचे सामने मला तोंडपाठ झाले होते. २२०. एक कमी नाही, एक जास्त नाही.

डॅनियल कर हे त्याचं नाव. जन्म १९८३चा. २००० सालच्या निवड प्रक्रियेत, ज्याला तिकडे ड्राफ्ट म्हणतात, पर्थच्या वेस्ट कोस्ट ईगल्स संघाने त्याला अठराव्या क्रमांकावर उचललं. २००१मध्ये पहिला सामना, २०१३मध्ये निवृत्ती, अंगावर ४ क्रमांकाची जर्सी. जागा मिडफिल्डरची, म्हणजे मैदानाच्या मधल्या पट्ट्यातली. त्याचे वडील रॉजर कर यांचा जन्म कलकत्त्यातला. रॉजरचे वडील इंग्रज वंशाचे मुष्टियोद्धे, आई भारतीय, आणि तीही बास्केटबॉल खेळणारी. रॉजर पुढे पर्थला गेले आणि तिकडचा फुटबॉल खेळले. त्यांचा मुलगा डॅनियल आणि मुलगी सॅम. या सॅमकडे पुढे येतोच, कारण तिचे पाय आपल्या मुंबई-पुण्याच्या मैदानांना लागलेले आहेत.

हा खेळ आपल्याकडे कुणी पाहिलेला नसतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. मैदान क्रिकेटचंच, लांबट गोल. उन्हाळ्यात तिथे क्रिकेट आणि हिवाळ्यात फुटबॉल. खरं तर क्रिकेटपटूंना हिवाळ्यात अंग ताजं ठेवता यावं, हा विचार या खेळाच्या जन्मामागे होता. १८५९च्या मे महिन्यात मेलबर्न क्रिकेट क्लबाच्या मैदानाजवळच्या एका हॉटेलात टॉम विल्स आणि त्याचे सोबती बसले आणि त्यांनी नियम कागदावर उतरवले. एका बाजूला १८ खेळाडू मैदानात. चेंडू लांबोडका. दोन्ही टोकांना चार-चार खांब; मधल्या दोन खांबांमधून लाथेने चेंडू गेला तर ६ गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर १. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण दर १५ मीटरच्या आत तो जमिनीवर टप्पा देऊन परत धरावा लागतो. हाताने फेकायला मनाई. एका तळव्यावर चेंडू ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीने तो ठोसायचा. आणि ज्याच्या हातात चेंडू, त्याला खांद्यापासून गुडघ्यापर्यंत कुठेही मिठी घालून पाडता येतं. कबड्डीच्या माणसाला हे शेवटचं वाक्य लगेच कळेल.

आता मिडफिल्डर. डॅनियल करच्या काळात पंच मैदानाच्या मध्यात चेंडू जोरात आपटायचा. तो उसळला की दोन्ही संघांचे दोन उंच गडी उड्या मारून त्याला थाप देत. खाली उरलेल्या घोळक्यात जो पडत्या चेंडूवर आधी हात टाकेल आणि अंगावर दोन-तीन माणसं असतानाही तो बाहेर काढेल, तो खरा मिडफिल्डर. गोल बहुधा दुसऱ्याच्या नावावर लागतो. याच्या वाट्याला धावणं येतं, एका सामन्यात बारा-तेरा किलोमीटर किंवा त्याहूनही जास्त, आणि त्या धावण्यात पुनःपुन्हा जमिनीवर आपटणं. डॅनियल फार उंच नव्हता. वाकून चेंडू उचलताना त्याचं डोकं सगळ्यांत खाली असायचं. दुखापतींनी पुढे त्याची कारकीर्द पोखरली, त्याचं मूळ याच वाकण्या-आपटण्यात आहे असं मला वाटतं.

आणि हे सगळं तिकडे मोजतात. लाथ किती, मूठ किती, मिठ्या किती, मधल्या घोळक्यातून चेंडू बाहेर किती वेळा काढला. सामना संपला की मैदानातले पंच आपापसात ठरवून तीन खेळाडूंना ३, २ आणि १ मत देतात. ती मतं बंद राहतात आणि अंतिम सामन्याच्या आठवड्यात एका रात्री, एकेक फेरी वाचत, सगळ्या देशासमोर मोजली जातात. ज्याला सर्वाधिक, त्याला ब्राउनलो पदक. १९२४पासून हा शिरस्ता आहे. २००५ साली मोजणी संपली तेव्हा डॅनियलच्या संघसोबती बेन कझिन्सची मतं झाली २०, डॅनियलची १९. एका मताने पदक हुकलं. त्याच वर्षी त्यांचा संघ अंतिम सामना सिडनीविरुद्ध ४ गुणांनी हरला. पुढच्या वर्षी, ३० सप्टेंबर २००६ रोजी, मेलबर्नच्या त्याच मैदानावर ९७,४३१ प्रेक्षकांसमोर तेच दोन संघ पुन्हा भिडले आणि वेस्ट कोस्ट ८५–८४ असा जिंकला. एका मताने गेलेलं एका गुणाने परत आलं, असं त्याच्या घरच्यांना वाटलं असेल तर नवल नाही.

मैदानाबाहेर डॅनियलचं वागणं अनेकदा वादात सापडलं. वर्तमानपत्रांनी तेही लिहून ठेवलं. माणूस म्हणून तो कसा होता यावर मी इथून बोलणार नाही. पण त्याचा खेळ आज कुणालाही पहिल्या सामन्यापासून शेवटच्यापर्यंत ओळीने मांडता येतो.

यावर कुणी म्हणेल, तिकडे पैसा आहे म्हणून वह्या आहेत. मीही तसंच समजत होतो. पण तारखा पाहिल्या आणि समजूत बदलली. तिकडची मोठी स्पर्धा, व्हिक्टोरियन फुटबॉल लीग, १८९७ला सुरू झाली. खेळाडूंचा ड्राफ्ट आला १९८६मध्ये. स्पर्धेचं नाव बदलून ती देशपातळीची झाली १९९०मध्ये. त्याआधीची जवळपास नव्वद वर्षं बहुतेक खेळाडू नोकरी-धंदा सांभाळून खेळत. आठवडाभर काम, संध्याकाळी सराव आणि शनिवारी सामना. तरीही १८९७पासून कोण किती सामने खेळला हे सांगता येतं. रिचमंडचा केव्हिन बार्टलेट १९६५ ते १९८३ खेळला, त्याचे सामने ४०३. चारशेचा टप्पा गाठणारा तो पहिला. पगार मागून आला, वही आधीपासून होती. बार्टलेटची कारकीर्द या वहीने बनवली, आणि माझ्या मामांकडे नेमकी हीच गोष्ट नव्हती.

आता सॅम करविषयी. ती लहानपणी भावासारखाच हा फुटबॉल खेळायची. बाराव्या वर्षी मुलांच्यात खेळणं थांबवावं लागलं, आणि मुलींना पुढे वाट नव्हती. त्यांची राष्ट्रीय लीग सुरू व्हायला २०१७ उजाडलं. ती गोल चेंडूकडे वळली आणि जगातल्या आघाडीच्या खेळाडूंत गेली. २०२२च्या जानेवारी-फेब्रुवारीत महिलांचा आशिया चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. २१ जानेवारीला अंधेरीच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियाला १८–० हरवलं. सॅमचे त्यात ५ गोल, आणि त्या ५ गोलांनी तिने पुरुष संघातल्या टिम केहिलचा देशासाठी ५० गोलांचा विक्रम मोडला. कलकत्त्यात जन्मलेल्या माणसाची मुलगी मुंबईत देशाचा विक्रम मोडत होती, आणि करोनामुळे मैदानं जवळजवळ ओस होती. नऊ दिवसांनी पुण्याच्या बालेवाडीत कोरियाकडून ०–१ने हरून तिचा संघ बाहेर पडला. आपल्या संघाचं दुःख तर वेगळंच. इराणशी ०–० झाल्यावर खेळाडूंना करोना झाला, दुसऱ्या सामन्याला पुरेशा मुली उभ्या राहू शकल्या नाहीत, आणि यजमान असून स्पर्धा सोडावी लागली.

हे वाचताना मला सारखी अमरावती आठवत होती. कारण मैदानी खेळाची मोठी परंपरा आमच्या जिल्ह्यातही आहे, आणि ती लहानसहान नाही. १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी अमरावतीत हनुमान आखाडा काढला. त्याचंच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. हुतात्मा राजगुरूंनी काही काळ तिथे व्यायामाचे धडे घेतले. देशभरातली मुलं शारीरिक शिक्षण शिकायला आजही तिथे येतात. १९३६च्या ऑलिम्पिकच्या निमित्ताने या मंडळाचा चमू बर्लिनला गेला आणि कबड्डीसह आपले देशी खेळ त्याने परक्या लोकांना करून दाखवले. अमरावतीची पोरं, समुद्रमार्गाचा लांबचा प्रवास, आणि युरोपातल्या मैदानावर घुमलेला तो दम. वऱ्हाडात हा प्रसंग अजून अभिमानाने सांगतात, आणि मलाही तो सांगताना छाती भरून येते.

पण प्रात्यक्षिकाला गुणफलक नसतो. कोणी किती गडी बाद केले, कुणाची पकड निसटली, मधल्या जागेवर कोण उभा होता, याचा तक्ता निघण्याचा प्रश्नच नव्हता. मंडळाने खेळाकडे व्यायाम म्हणून, देशकार्य म्हणून पाहिलं. त्या काळात ते योग्यच होतं. गुलामीतल्या देशाला आधी मनगट हवं होतं. मात्र स्वातंत्र्यानंतरही ती नजर तशीच राहिली आणि खेळाडूचा स्वतःचा हिशेब कुणीच मांडला नाही, याचं मला वाईट वाटतं.

नियमांचं काम मात्र नेटाने झालं. कुठे हुतूतू, कुठे चेडुगुडू, कुठे हाडुडू असा विखुरलेला खेळ एका साच्यात बसवण्यासाठी शंकरराव तथा बुवा साळवी आयुष्यभर झिजले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्र कबड्डी दिन म्हणून पाळतो. १९९०ला बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पदकाचा खेळ म्हणून आली आणि भारताने सुवर्ण जिंकलं. या सगळ्या काळात कबड्डीपटूची कारकीर्द म्हणजे खेळाच्या कोट्यातली नोकरी. रेल्वे, बँक, पोलीस, एखादी कंपनी. एकदा नोकरी लागली की पोरगं मार्गी लागलं, असं घरचे म्हणत.

मग २६ जुलै २०१४ला मुंबईत प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला, आणि पहिल्यांदा प्रत्येक चढाई, प्रत्येक पकड खेळाडूच्या नावावर चढू लागली. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई सहाव्या हंगामात यू मुंबाकडे ३६ लाख ४० हजारांना आला. त्या एका हंगामात चढाईचे दोनशेहून अधिक गुण त्याने मिळवले, आणि पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. हुंदळेवाडीच्या मुलाचं मोल एका वर्षात चौपट झालं, कारण त्याची प्रत्येक चढाई कुणीतरी लिहिली होती. पुढे खांदा दुखावला, तेही नोंदलं गेलं.

तरी मधल्या माणसाचं दुखणं पूर्ण सरलेलं नाही. पकडीचा गुण बहुतेक वेळा पहिल्यांदा धरणाऱ्याच्या नावावर जातो. झटका पोटावर झेलून वाट अडवणारा दुसरा-तिसरा गडी मदतनीस ठरतो. मिडफिल्डरच्या बाबतीत ऑस्ट्रेलियाने हा प्रश्न कितीतरी आधी ओळखला आणि घोळक्यातून चेंडू बाहेर काढण्याचाही वेगळा रकाना केला. आपल्याकडे वाट अडवण्याचा रकाना कधी ठळक होईल, याची मी वाट पाहतोय.

आमच्याकडे कबड्डीचे सामने हिवाळ्यात होतात. पहिली वेचणी झालेली असते, तूर उभी असते, पोरांच्या हातात चार पैसे आलेले असतात. हॅलोजनच्या उजेडात काळी माती पिंजून, दगडधोंडे वेचून मैदान तयार करतात आणि चुन्याने रेषा मारतात. टेबलावरच्या शाळेच्या फळ्यावर खडूने गुण लिहितात. सामना संपला की पुढच्या सामन्यासाठी तोच फळा ओल्या फडक्याने पुसतात. गेल्या वर्षी मी त्या फळ्याशेजारी उभा होतो. ३१–२८ असा सुटलेला, शेवटच्या चढाईपर्यंत रंगलेला सामना दोन हात फिरले आणि गेला. पोरं पाणी प्यायला निघाली.

दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानी वही घेऊन मामांकडे गेलो. त्यांनी आधी उडवून लावलं. मग मामीने चहा ठेवला आणि तीच म्हणाली, ‘‘ज्या दिवशी खांदा निसटला थो लिवा ना पयले.’’ तो चांदूर रेल्वेचा निघाला. साल मामांना आठवेना; पण त्या वर्षी बोंडं ओली झाली होती आणि कापूस उशिरा आला होता, यावरून मामीने साल काढलं. मग आर्वीचा एक, जिथे समोरचा दात गेला. यवतमाळचे तीन. बडनेऱ्याला रात्री दोन वाजता संपलेला, आणि परतीच्या गाडीत सगळा संघ दाराशी उभा राहून आलेला. प्रतिस्पर्ध्यांची नावं त्यांना आठवत नव्हती. कुणी कुठून धडक दिली ते मात्र नेमकं आठवत होतं, आणि सांगताना त्यांचा हात आपोआप खांद्याकडे जात होता.

दिवाळीपर्यंत ६३ सामने लिहून झाले. परवा रात्री साडेनऊला फोन आला. मला वाटलं तब्येतीचं काही असेल.

‘‘भाच्या, झोपला का? पुलगावचा एक लिवाचा राह्यला गड्या.’’