पाळीची तारीख आणि पडद्यावरचा उजेड

स्तनांच्या एमआरआयसाठी आलेल्या बाईला आमच्याकडे दागिने आणि पेसमेकरच्याही आधी विचारतात, पाळी कधी आली होती? शेजारी दीर किंवा मुलगा उभा असला की उत्तर येतं, "झाले आठ-दहा दिवस." टेक्निशियन ताईंना हे चालत नाही. त्या तिला आत नेतात, मोबाइलवर कॅलेंडर उघडतात आणि "संकष्टीच्या आधी की नंतर?" असं विचारत विचारत तारीख पक्की करतात. तपासणीची घाई नसेल तर पाळीच्या सातव्या ते चौदाव्या दिवसांतली वेळ देतात. या चौकशीवर माझा निम्मा रिपोर्ट उभा असतो.

बाई पालथी झोपते. छातीखालच्या कॉइलला दोन पोकळ्या असतात, स्तन त्यांत मोकळे सोडलेले. हाताच्या शिरेत सुई लावलेली असते. आधी एक सिरीज औषधाविना होते. मग वजनाच्या हिशेबाने गॅडोलिनियमचं औषध सोडतात, मागून सलाइन, आणि तीच चित्रं दर एक-दोन मिनिटांनी पुन्हा घेतात. त्या सगळ्या वेळात तिने हलायचं नाही. हलली तर पुढची वजाबाकी बिघडते, कारण संगणक नंतरच्या चित्रातून पहिलं चित्र वजा करतो. उरतं ते फक्त औषध घेतलेलं. चरबी काळी पडते, गाठ असेल तर ती उजळते. कर्करोगाची गाठ बहुधा झटकन उजळते, आणि बऱ्याचदा तितक्याच घाईने फिकी होऊ लागते.

गाठ शोधणं हे कामच आहे. पण मी आधी गाठीच्या मागे पाहते. निरोगी ग्रंथींची ऊतीही औषध घेते. रक्त स्तनाच्या कडांकडून आत येतं, म्हणून भिंतीत ओल चढावी तसा हा उजेड कडेने सुरू होऊन हळूहळू मध्याकडे सरकतो, आणि बहुधा दोन्ही बाजूंना सारखाच. त्याची आम्ही किमान, सौम्य, मध्यम, ठळक अशी प्रत लावतो. चरबीच्या मानाने ग्रंथींची ऊती किती, याची प्रत वेगळी. या दोन गोष्टी एक नव्हेत. मॅमोग्राफीत पांढराशुभ्र दिसणारा दाट स्तन इथे जवळजवळ काळा राहू शकतो. ऊती किती आहे एवढंच मॅमोग्राफी सांगते, इथे ती किती जागी आहे तेही दिसतं. जागी ठेवण्यात संप्रेरकांचा हात मोठा. पाळीच्या उत्तरार्धात उजेड वाढतो, अंगावर पाजताना वाढतो, पाळी गेल्यावर किंवा टॅमॉक्सिफेन हे संप्रेरकविरोधी औषध सुरू झाल्यावर उतरतो.

हा उजेड पुढच्या धोक्याबद्दल काही सांगतो का? न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधून 2011 साली आलेल्या अभ्यासाने हा प्रश्न ऐरणीवर आणला. 2019 मध्ये अमेरिकेतल्या 4,247 स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या 176 जणींना पुढे स्तनाचा कर्करोग झाला. किमान उजेडाच्या तुलनेत सौम्य उजेड असलेल्यांतही धोका सुमारे 1.8 पट निघाला, आणि स्तनाची घनता हिशेबात धरूनही तो टिकला. मला हा आकडा मोलाचा वाटतो, पण तो वाचताना त्या 4,247 मधल्या चार हजारांहून अधिक जणींना काहीच झालं नाही, हेही तितक्याच मोठ्याने सांगायला हवं. शिवाय प्रत डोळ्यांनी लावली जाते. सौम्य आणि मध्यम यांच्या सीमेवर दोन अनुभवी रेडिओलॉजिस्टांचं एकमत होईलच असं नाही. संगणकाकडून मोजून घ्यायचे प्रयत्न चालू आहेत ते त्यासाठीच.

एक बाई दर वर्षी येतात. आई आणि मावशी या आजाराने गेल्या, स्वतःत बीआरसीए-वन जनुकाचा दोष. पहिल्या तपासणीत दोन्ही स्तन कडेपासून मध्यापर्यंत उजळलेले. अशा पडद्यावर लहानशी गाठ सहज लपू शकते, म्हणून मी एकेक काप पुढे-मागे करून पाहिला. दोन मुलं झाल्यावर त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने अंडाशय काढून घेतले. पुढच्या खेपेला दोन्ही वर्षांची चित्रं शेजारी लावली तर नवं चित्र जवळपास काळं होतं. त्यांना दाखवलं. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, म्हणजे धोका गेला?"

"गेला नाही, ताई," मी म्हटलं. उजेड उतरला की ऊती शांत झाली एवढंच कळतं, जनुकातला दोष आहे तिथेच आहे. वर्षाकाठी एमआरआय चालू ठेवायचा, जुनी सीडी दर वेळी आणायची, कारण नवं चित्र जुन्यापाशी ठेवल्याशिवाय मला अर्धंच कळतं. त्यांनी मान हलवली. मग धाकट्या बहिणीचा विषय निघाला. तिची जनुकीय तपासणी अजून व्हायची होती, घरचे नको म्हणत होते. सल्लागार डॉक्टरांची वेळ त्यांनी तिथेच मागून घेतली, आणि बहिणीला फोन लावून तिच्याही पाळीची तारीख विचारली.