विंडोजवरून मॅकवर जाताना: पहिल्या महिन्यात काय बदलतं आणि काय हरवू शकतं?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. त्या दिवशी कुणाचाही संगणक बंद पडला नाही. पण सुरक्षेचे नवे अपडेट मिळणं थांबलं आणि अनेक घरांत एकच प्रश्न उभा राहिला: आता काय करायचं? विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सात-आठ वर्षं नीट चाललेला लॅपटॉपही 'अपात्र' ठरतो. घरगुती ग्राहकांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट घेता येतात, पण तो तात्पुरता उपाय आहे.

नवा संगणक घ्यायचाच आहे, तर मॅक का नको, असा विचार अशा वेळी होतो. घरात आयफोन असला तर जरा जास्तच होतो. मात्र पंधरा-वीस वर्षं विंडोज वापरलेला माणूस मॅकसमोर बसतो तेव्हा पुन्हा नवशिका होतो. बटणं शोधण्यात गेलेला वेळ भरून येतो. या बदलात घरातले फोटो, हिशेब किंवा मराठीतलं जुनं लेखन हरवलं तर ते भरून येत नाही.

मॅक म्हणजे नेमकं काय वेगळं?

विंडोज ही फक्त कार्यप्रणाली आहे. ती डेल, एचपी, लेनोवो अशा अनेक कंपन्यांच्या संगणकांवर चालते. मॅकमध्ये यंत्र आणि त्यावरची मॅकओएस ही कार्यप्रणाली, दोन्ही एकाच कंपनीची, म्हणजे अ‍ॅपलची असतात. पहिला मॅकिंटॉश जानेवारी १९८४ मध्ये आला. तेव्हापासून ही पद्धत थोड्याफार अपवादांनी टिकून आहे.

२००६ पासून मॅकमध्ये इंटेलचे प्रोसेसर असायचे. नोव्हेंबर २०२० मध्ये अ‍ॅपलने स्वतःची एम१ चिप असलेले मॅक आणले आणि तिथून चित्र बदललं. बॅटरी जास्त टिकू लागली, यंत्र कमी तापू लागलं. पण त्याच वेळी एक सोय गेली. इंटेलच्या मॅकवर 'बूट कॅम्प' वापरून थेट विंडोज टाकता येत असे. नव्या चिपच्या मॅकवर ते होत नाही. पॅरलल्ससारखं वेगळं सॉफ्टवेअर घेऊन त्यात विंडोजची 'आर्म' आवृत्ती चालवता येते, पण त्याचे पैसे वेगळे पडतात आणि प्रत्येक जुनं सॉफ्टवेअर त्यात चालेलच असं नाही.

आधी यादी, मग खरेदी

दुकानात जाण्याआधी कागदावर एक यादी करावी: घरात संगणकावर नेमकं काय काय होतं? ब्राउझर, ईमेल, व्हिडिओ कॉल, फोटो, वर्ड आणि एक्सेलचं साधं काम, मुलांचा अभ्यास, हे सगळं मॅकवर व्यवस्थित होतं. अडचण येते ती चार-पाच ठरावीक गोष्टींत.

पहिली, हिशेब. टॅलीप्राइम हे विंडोजसाठीचं सॉफ्टवेअर आहे. घरून दुकानाचा किंवा सोसायटीचा हिशेब टॅलीत ठेवला जात असेल, तर मॅक घेण्याआधी त्याची सोय ठरवावी लागते. दुसरी, एक्सेलमधल्या गुंतागुंतीच्या फाइल्स. साध्या शीट चालतात, पण अ‍ॅक्टिव्हएक्स बटणं असलेल्या फाइल्स मॅकवरच्या एक्सेलमध्ये तशा चालत नाहीत. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस तर मॅकसाठी मिळतच नाही. तिसरी, जीएसटी किंवा आयकराच्या कामासाठी लागणारी डिजिटल सही. ती ज्या यूएसबी टोकनवर असते, त्याचा मॅकसाठी ड्रायव्हर आहे का, हे टोकन देणाऱ्याला विचारून घ्यावं. चौथी, प्रिंटर. तो एअरप्रिंटवर चालत असेल तर काही करावं लागत नाही. नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर मॅकचा ड्रायव्हर आहे का, हे बघावं.

यंत्र निवडतानाही दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मॅकबुकची मेमरी नंतर वाढवता येत नाही. विंडोज लॅपटॉपमध्ये 'पुढे रॅम टाकू' असं म्हणता येतं, इथे नाही. म्हणून मेमरी आणि स्टोरेज घेतानाच विचार करून घ्यावं. दुसरं, सेकंडहँड मॅक स्वस्तात मिळतो, पण तो इंटेलचा असेल तर सावध राहावं. २०२५ मध्ये आलेली मॅकओएस टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची मोठी आवृत्ती असल्याचं अ‍ॅपलने जाहीर केलं आहे. विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून इंटेलचा जुना मॅक घेणं म्हणजे काही वर्षांत पुन्हा त्याच जागी येणं. शिवाय जुन्या मालकाने आपलं अ‍ॅपल खातं त्यातून काढलं आहे, याची पैसे देण्याआधी समोर बसून खात्री करावी. ते खातं तसंच राहिलं तर यंत्र त्याच्या पासवर्डशिवाय वापरात आणता येत नाही.

जुन्या डिस्कवरचे फोटो: इथे घाई नको

बहुतेक घरांत फोटो आणि कागदपत्रं एखाद्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर असतात. विंडोजवर वापरलेली ही डिस्क बहुधा एनटीएफएस या पद्धतीने फॉरमॅट केलेली असते. मॅकला जोडल्यावर तिच्यातलं सगळं दिसतं, कॉपीही करता येतं. मात्र तिच्यावर नवं काही लिहिता येत नाही. डिस्क बिघडली, असं इथे अनेकांना वाटतं. ती बिघडलेली नसते. मॅक एनटीएफएस वाचतो, पण त्यावर लिहीत नाही, इतकंच. दोन्हीकडे लिहायला-वाचायला एक्सफॅट फॉरमॅट चालतो. पण फॉरमॅट बदलायचा म्हणजे डिस्क आधी पूर्ण पुसावी लागते, हे विसरू नये.

खरा धोका इथेच आहे. मॅकवर 'टाइम मशीन' नावाची बॅकअपची चांगली सोय असते. त्यासाठी विंडोजची जुनी डिस्क निवडली, तर मॅक ती पुसण्याची परवानगी मागतो, कारण टाइम मशीनला स्वतःचा फॉरमॅट लागतो. बॅकअप घेण्याच्या नादात हो म्हटलं, तर त्या डिस्कवरचे सगळे फोटो जातात. ते फक्त त्याच डिस्कवर असतील तर कायमचे. म्हणून नियम साधा ठेवावा: टाइम मशीनसाठी नवी, रिकामी डिस्क घ्यावी. ती मॅकच्या स्टोरेजच्या किमान दुप्पट मोठी असावी. जुनी डिस्क तशीच कपाटात ठेवावी.

डिस्कला किंवा पेनड्राइव्हला बिटलॉकरने कुलूप लावलेलं असेल, तर मॅक ती उघडू शकत नाही. ते कुलूप जुन्या विंडोज संगणकावरच आधी काढून घ्यावं.

'रिप्लेस' या शब्दाचा अर्थ वेगळा आहे

एकाच घरातलं नेहमीचं उदाहरण घेऊ. मॅकवर 'गणपती' नावाचं फोल्डर आहे, त्यात गेल्या वर्षीचे दोनशे फोटो आहेत. पेनड्राइव्हवरही 'गणपती' नावाचंच फोल्डर आहे, त्यात यंदाचे पन्नास फोटो आहेत. विंडोजमध्ये एक फोल्डर दुसऱ्याच्या जागी टाकलं, तर दोन्हींतल्या फाइल्स एकत्र होतात आणि अडीचशे फोटो मिळतात. मॅकवर 'रिप्लेस' दाबलं, तर जुनं फोल्डर जातं आणि त्याच्या जागी नवं येतं. उरतात फक्त पन्नास.

दोन्ही कंपन्यांनी एकाच कृतीचा अर्थ वेगळा लावला आहे. विंडोजची सवय झालेला हात इथे विचार न करता बटण दाबतो, म्हणूनच ही चूक महाग पडते. मॅकवर एकाच नावाची दोन फोल्डर एकत्र करायची असतील, तर आत जाऊन फाइल्स निवडाव्यात आणि त्या कॉपी कराव्यात. किंवा नव्या फोल्डरचं नाव आधीच बदलावं, उदाहरणार्थ 'गणपती नवे'. पहिला महिनाभर तरी फोल्डरच्या बाबतीत 'रिप्लेस' दाबायचं नाही, असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकावं.

बोटांच्या सवयी

बाकीचे फरक त्रासदायक असले तरी निरुपद्रवी आहेत. साधारण दोन-तीन आठवड्यांत बोटं सरावतात.

- कंट्रोलच्या जागी बहुतेक ठिकाणी कमांड बटण येतं. कॉपीला कमांड-सी, पेस्टला कमांड-व्ही.
- फाइल 'कट' होत नाही. आधी कमांड-सी, मग हव्या त्या फोल्डरमध्ये जाऊन कमांड-ऑप्शन-व्ही दाबलं की ती तिथे हलते.
- फाइल निवडून एंटर दाबलं तर ती उघडत नाही, नाव बदलण्याची चौकट येते. उघडायला डबल क्लिक किंवा कमांड-ओ.
- डिलीट बटण मागचं अक्षर खोडतं, म्हणजे विंडोजच्या बॅकस्पेससारखं. पुढचं खोडायला एफएन धरून डिलीट.
- लाल बटणाने खिडकी बंद होते, पण अ‍ॅप बहुधा चालूच राहतं. खाली डॉकमध्ये त्याच्या चिन्हाखाली ठिपका दिसतो. पूर्ण बंद करायला कमांड-क्यू.
- राइट क्लिकसाठी ट्रॅकपॅडवर दोन बोटांनी क्लिक.
- काहीच सापडत नसेल तर कमांड-स्पेस दाबून नाव लिहावं.

नवं अ‍ॅप बसवण्याची रीतही वेगळी आहे. डाउनलोड केलेली डीएमजी फाइल उघडली की एक छोटी खिडकी दिसते. तिच्यातलं चिन्ह ओढून 'अ‍ॅप्लिकेशन्स' फोल्डरमध्ये टाकायचं असतं. ते न करता तिथूनच अ‍ॅप चालवलं, तर संगणक पुन्हा सुरू केल्यावर 'अ‍ॅप गायब झालं' असं वाटतं.

मराठीचं काय?

मॅकवर मराठी लिहायला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड विभागात इनपुट सोर्स जोडताना भाषांच्या यादीतून मराठी निवडता येते. इंग्रजी-मराठी अदलाबदल कंट्रोल-स्पेसने किंवा पृथ्वीगोलाचं चिन्ह असलेल्या बटणाने होते. विंडोजवर इनस्क्रिप्टने टंकलेखन करणाऱ्याला मॅकवर फार काही नव्याने शिकावं लागत नाही. कोहिनूर देवनागरीसारखे फॉन्ट आधीपासून असतात. मंगल नसला तरी युनिकोडमधला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये नीट वाचता येतो.

अडचण येते ती युनिकोडच्या आधीच्या मजकुराची. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा पद्धतींत लिहिलेल्या जुन्या फाइल्समध्ये प्रत्यक्षात मराठी अक्षरांचे संकेत नसतात. इंग्रजी अक्षरांच्या जागी त्या फॉन्टने मराठी आकार दाखवलेले असतात. फॉन्ट नसेल तर कागदावर छान दिसणारी कथा पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग होते. आजोबांचं आत्मचरित्र, मंडळाच्या जुन्या स्मरणिका, संस्थेची इतिवृत्तं असं बरंच काही घराघरांतल्या जुन्या संगणकांत याच रूपात पडून आहे.

हे काम नव्या यंत्रावर करण्यापेक्षा जुन्या संगणकावर, फॉन्ट आणि सॉफ्टवेअर चालू असतानाच करावं. प्रत्येक फाइलची आधी पीडीएफ काढावी, म्हणजे निदान दिसतं तसं जपलं जाईल. मग परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणून वेगळा साठवावा. परिवर्तनात जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात, म्हणून पीडीएफ शेजारी ठेवून एकदा वाचून घ्यावं.

आयक्लाउड म्हणजे बॅकअप नाही

मॅक आणि आयफोन एकाच खात्यावर असले आणि आयक्लाउड फोटोज चालू असलं, तर फोटो दोन्हीकडे दिसतात. त्यामुळे 'दोन प्रती आहेत' असा समज होतो. प्रत्यक्षात तो एकच संग्रह असतो. मॅकवरून फोटो काढून टाकला की तो फोनमधूनही जातो. 'अलीकडे काढलेले' या विभागात तो काही आठवडे मिळतो, पण तेवढंच. आयक्लाउड सोयीचं आहे, मात्र बॅकअपसाठी टाइम मशीनची डिस्क वेगळी हवीच.

तसंच फाइलव्हॉल्ट हे कुलूप चालू असेल तर पासवर्ड आणि रिकव्हरी की कागदावर लिहून घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावी. दोन्ही विसरलं आणि बॅकअपही नसला, तर आतली माहिती परत मिळवण्याचा मार्ग उरत नाही.

जुना संगणक कधी काढावा?

मॅक घरी आला की जुना लॅपटॉप एक्स्चेंजमध्ये द्यावासा वाटतो. किमान दोन-तीन महिने थांबणं शहाणपणाचं. इंटरनेटपासून तोडून ठेवला तर अपडेट नसल्याचा धोका फारसा उरत नाही. या काळात काय काय राहून गेलं ते कळतं: ब्राउझरमध्ये जपलेले पासवर्ड, डेस्कटॉपवरची एखादी फाइल, वर्षातून एकदाच लागणारं आयकराचं कागदपत्र. एक मार्च-जुलैचा हंगाम त्याच्यासोबत काढता आला तर उत्तमच.

द्यायची वेळ आली की आधी टाइम मशीनच्या डिस्कवरून दोन-चार फाइल्स खरोखर उघडून पाहाव्यात. त्या उघडल्या, फोटो दिसले, मराठी मजकूर वाचता आला, तरच जुनी डिस्क पुसावी.