कुलूप फाईलच्या आधी पोचले पाहिजे

श्रूजबरीत सकाळचे आठ वाजतात, तेव्हा उन्हाळ्यात पुण्यात संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. मॅसॅच्युसेट्समधल्या या गावात बसून पुण्यातल्या टीमबरोबर इमारतींची ड्रॉइंग करणाऱ्यांसाठी हा तास सगळ्यात नाजूक. पुण्यातला सहकारी घरी निघण्यापूर्वी बीमच्या सळ्या बदलत असतो. इकडे त्याच वेळी कुणीतरी तेच ड्रॉइंग उघडून खांबाचे माप दुरुस्त करतो. दोघेही सेव्ह करतात. दुसऱ्या दिवशी फाईलमध्ये एकाचेच काम उरलेले असते, आणि दुसऱ्याचे गेले हे कधी कधी साइटवरून फोन आल्यावरच कळते. माझ्या कामात हे घडले आहे. तेव्हा सगळा दोष माणसांवर आला: सांगितले का नाही, विचारले का नाही? खरे तर व्यवस्थाच चुकीची होती, आणि तिच्यामागे काही पक्के गैरसमज होते.

‘आपल्या वेळाच वेगळ्या, मग टक्कर कशी होईल?’

दोन्हीकडच्या घड्याळांत हिवाळ्यात साडेदहा तासांचा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक असतो. अमेरिकेतली घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. पुण्याची संध्याकाळ आणि श्रूजबरीची सकाळ एकमेकांत शिरतातच. किती, ते ऋतूप्रमाणे बदलते. त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. टक्कर व्हायला दोघे एकाच क्षणी जागे असावे लागत नाहीत. विंडोज सर्व्हरबरोबर येणारे डीएफएस रेप्लिकेशन दोन ठिकाणच्या फोल्डरांची जुळणी करते, पण एखाद्या प्रोग्रामने अडवून धरलेली फाईल बंद होईपर्यंत ते पुढे पाठवत नाही. पुण्यातला माणूस ड्रॉइंग उघडे ठेवून घरी गेला, तर त्याने दिवसभरात दहा वेळा सेव्ह केलेले काम तिथेच अडकते. श्रूजबरीतला माणूस कालची प्रत आजची समजून कामाला बसतो.

‘फाईल कुणी उघडली असेल तर कॉम्प्युटर सांगतोच की.’

एकाच ऑफिसात, एकाच सर्व्हरवर सांगतो, आणि या गैरसमजाचे मूळ त्या सवयीतच आहे. ऑटोकॅडमध्ये ड्रॉइंग उघडले की त्याच फोल्डरमध्ये डीडब्ल्यूएल नावाची छोटी फाईल तयार होते. कुणी, कोणत्या मशीनवर, किती वाजता उघडले याची नोंद तिच्यात असते. पण ती नुसती दारावरची पाटी. खरा अटकाव करते ती त्या सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम, आणि तिचा अधिकार त्या सर्व्हरपुरताच असतो. श्रूजबरीतल्या सर्व्हरवर दुसरी प्रत असेल तर तिच्या दारावर कुलूप नाही. दोन्ही प्रती बदलल्या की डीएफएस रेप्लिकेशन शेवटी लिहिणाऱ्याची प्रत ठेवते आणि दुसरी एका लपलेल्या फोल्डरमध्ये टाकते. ड्रॉपबॉक्स दोन्ही ठेवतो, एकीच्या नावात ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ असे जोडून. दोन्हींत टक्कर टळत नाही; ती झाल्यावर काय करायचे एवढेच ठरलेले असते. आणि ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी ही बायनरी फाईल असल्यामुळे प्रोग्रामरांचा कोड ओळीओळीने जुळवतात तशी दोन ड्रॉइंग आपोआप एक होत नाहीत. कुणाला तरी दोन्ही समोर ठेवून रेघ न् रेघ तपासावी लागते.

‘वेगवान नेट घेतले की प्रश्न मिटेल.’

इथे थोडा हिशेब करू. बॉस्टन परिसर ते पुणे हे सरळ अंतर सुमारे 12 हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. म्हणजे निरोप जाऊन उत्तर यायला किमान 120 मिलिसेकंद लागणारच, आणि केबल सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात जास्तच. लांबच्या सर्व्हरवरची फाईल थेट उघडायची तर अशा फेऱ्या शेकड्यांनी होतात. 500 फेऱ्या धरल्या तरी पूर्ण मिनिट गेले. लाइन दहापट रुंद केली तरी फेरीचा वेळ तेवढाच राहतो.

पण याच हिशेबात उत्तरही आहे. ड्रॉइंग जड असते, कुलूप हलके. ‘ही फाईल मी घेतली’ एवढा निरोप पोचवून होकार आणायला एकच फेरी पुरते, म्हणजे सेकंदाचा छोटासा अंश. म्हणून फाईल उघडण्याआधी कुलपाची विचारणा दोन्ही ठिकाणी झाली पाहिजे, आणि कुलूप मिळाल्यावर आपली प्रत ताजी आहे ना हे तपासूनच फाईल उघडली पाहिजे. संपर्क तुटला असेल तर ती फक्त वाचण्यापुरती उघडावी.

ही कल्पना नवी नाही. श्रूजबरीच्या साउथ स्ट्रीटवर एके काळी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा साठवण-यंत्रणांचा मोठा विभाग होता. याच कंपनीने 1983 साली व्हॅक्सक्लस्टर आणले: अनेक कॉम्प्युटर, सामायिक डिस्क आणि सगळ्यांत वाटलेली एकच कुलूप-व्यवस्था. तिच्यात सहा प्रकारची कुलपे होती, कसलाही हक्क न देणाऱ्या ‘नल’ कुलपापासून पूर्ण एकाधिकारापर्यंत. लिनक्सच्या अशाच व्यवस्थेत आजही तेच सहा प्रकार आहेत.

‘बॅकअप आहे ना!’ बॅकअपमुळे हरवलेले काम परत मिळू शकते, पण ते हरवले आहे हे आधी कुणाच्या तरी लक्षात यावे लागते. शिवाय ऑटोकॅडच्या ज्या .बॅक फाईलवर आपण विसंबतो, ती डीएफएस रेप्लिकेशनच्या मूळ सेटिंगमध्ये वगळलेली असते, म्हणजे दुसऱ्या ऑफिसात पोचतच नाही.

‘कुलूप लावले तर दुसऱ्याने हातावर हात धरून बसायचे का?’ ही शंका रास्त आहे. सगळी इमारत एकाच फाईलमध्ये कोंबली असेल तर तसेच होईल. म्हणून ड्रॉइंग फोडावे: ग्रिड एका फाईलमध्ये, पाया दुसऱ्या, प्रत्येक मजल्याच्या सळ्या वेगळ्या. दुसऱ्याची फाईल एक्सरेफ, म्हणजे बाहेरचा संदर्भ, म्हणून जोडायची. ती दिसते, पण आपल्या हातून चुकून बदलत नाही. रेव्हिट हे इमारतींच्या मॉडेलचे सॉफ्टवेअर त्याच्या पुढे जाते. त्यात मध्यवर्ती मॉडेल एकच असते आणि कुलूप अख्ख्या फाईलऐवजी एकेका भिंतीला, एकेका खांबाला लागते. यंत्रभागांच्या डिझाइनसाठी मॅसॅच्युसेट्समधल्याच केंब्रिजमध्ये 2012 साली सुरू झालेल्या ऑनशेपने तर प्रतींची देवाणघेवाणच काढून टाकली. मॉडेल एकाच ठिकाणी असते आणि सगळे ब्राउझरमधून त्यावर काम करतात. लहान ऑफिसला साधा मार्गही आहे: फाईल एकाच सर्व्हरवर ठेवावी आणि दूरच्या माणसाने रिमोट डेस्कटॉपवरून काम करावे. माउस थोडा जड वाटतो, पण प्रत एकच राहते.

तुमची व्यवस्था कशी आहे ते पाच मिनिटांत कळेल. एक चाचणीचे ड्रॉइंग तयार करा आणि दोन्ही ऑफिसांत पोचू द्या. मग पुण्यातल्या सहकाऱ्याला फोन लावा, त्याला ते उघडायला सांगा आणि लगेच तुम्हीही उघडा. तुमच्या पडद्यावर त्याचे नाव आणि ‘रीड-ओन्ली’ अशी सूचना आली नाही, तर खरी ड्रॉइंग त्या फोल्डरमध्ये ठेवणे आजच थांबवा.