स्वस्त 'डिझेल'चा ड्रम घेण्याआधी हे वाचा! तेलातलं गंधक गाळून का निघत नाही?

शेतकरी मित्रांनो, नांगरणी-पेरणीच्या दिवसांत पंपापेक्षा स्वस्त 'डिझेल' देतो म्हणणारा कुणीतरी भेटतोच. कधी त्याला बायोडिझेल म्हणतात, कधी नुसतंच 'कंपनीचं तेल'. "दोनदा गाळलंय, एकदम स्वच्छ आहे," असंही सांगतात. रंगही बरा दिसतो. पण असं तेल जुने टायर भट्टीत तापवून काढलेलं असू शकतं, आणि त्यात जे असतं ते डोळ्यांना दिसत नाही. ते म्हणजे गंधक.

पंपावरच्या डिझेलमध्ये किती गंधक असतं?

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन मिळतं. त्यात गंधकाची मर्यादा आहे १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत फक्त १० भाग. २०० लिटरच्या भरलेल्या बॅरलमध्ये जेमतेम पावणेदोन ग्रॅम! बीएस-४ मध्ये ही मर्यादा ५० होती, बीएस-३ मध्ये ३५०.

एवढी काटेकोर मर्यादा कशासाठी? गंधक जळलं की त्याचा वायू होतो आणि वाफेशी मिळून आम्ल तयार होतं. हे आम्ल इंजिन ऑइल लवकर खराब करतं आणि लोखंड खातं. नव्या बीएस-६ पिकअप, टेम्पोच्या सायलेन्सरमध्ये धूर साफ करणारी महागडी यंत्रणा असते, तीही गंधकाने निकामी होते. धुराचा त्रास माणसांना होतो तो वेगळाच.

गाळून का निघत नाही?

कचरा, गंज, माती गाळणीत अडकते. गंधक मात्र तेलात कचऱ्यासारखं तरंगत नाही, ते तेलाच्या रेणूतच बांधलेलं असतं. चहात विरघळलेली साखर गाळणीने निघते का? तसंच हे. तेल महिनाभर ठेवलं तरी गंधक तळाला बसत नाही. त्यासाठी रेणूच बदलावा लागतो.

रिफायनरीत हे काम हायड्रोजन करतो. साधारण ३०० ते ४०० अंश तापमान, प्रचंड दाब आणि कोबाल्ट-मॉलिब्डेनमचा उत्प्रेरक लागतो. हायड्रोजन गंधकाला ओढून काढतो आणि त्याचा विषारी वायू बनतो. त्या वायूपासून पुन्हा पिवळं गंधक तयार करतात. खत कारखान्यांत सुपर फॉस्फेटसाठी लागणारं आम्ल अशाच गंधकापासून बनतं.

हट्टी गंधकावर दुसरा उपाय

काही रेणू मात्र फार हट्टी असतात. डायबेन्झोथायोफीन नावाच्या रेणूच्या काही प्रकारांत गंधक आत दडलेलं असतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जणू पहारेकरी उभे असतात. उत्प्रेरक तिथे सहज पोहोचत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी दोन टप्प्यांची पद्धत शोधली.

पहिला टप्पा ऑक्सिडेशनचा. तेलात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि फॉर्मिक किंवा ॲसिटिक आम्ल घालून ५० ते ७० अंशांवर घुसळतात. जखम धुताना फेस येतो ते औषध म्हणजे हेच पेरॉक्साइड, फक्त इथे ते खूप तीव्र असतं. त्यातला ऑक्सिजन गंधकाला जाऊन चिकटतो. गंधक रेणूतच राहतं, पण रेणूचा स्वभाव बदलतो. आधी तेलाशी एकजीव असलेला रेणू आता तेलापेक्षा पाण्याच्या जातीचा होतो.

दुसरा टप्पा अधिशोषणाचा. बदललेले रेणू आता ॲल्युमिना, सिलिका किंवा सक्रिय कोळशाच्या पृष्ठभागावर चिकटतात आणि तेल पुढे निघून जातं. घरच्या वॉटर फिल्टरमधला कोळसा पाण्याचा वास, क्लोरीन धरून ठेवतो, तोच प्रकार. आधी ऑक्सिडेशन केलं नाही तर तेलातले दुसरे रेणूच कोळशावर जागा अडवून बसतात.

मग सगळीकडे हेच का वापरत नाहीत?

या पद्धतीला हायड्रोजन आणि मोठा दाब लागत नाही, ही जमेची बाजू. पण पेरॉक्साइड महाग आणि धोकादायक. थोडं तेलही कोळशाबरोबर वाया जातं. कोळसा भरला की तो साफ करावा लागतो आणि निघालेल्या घाणीची विल्हेवाट लावावी लागते. म्हणून मोठ्या रिफायनऱ्यांचा मुख्य भर आजही हायड्रोजनवरच आहे. टायरच्या तेलासाठी ऑक्सिडेशनचे प्रयोग बरेच झालेत, कारण रबर पक्कं करताना त्यात गंधकच घालतात आणि तेलात ते उतरतं.

आता हिशेब करा

टायरच्या तेलात गंधक अर्धा ते एक टक्काही असू शकतं. अर्धा टक्का म्हणजे ५,००० पीपीएम. समजा असं एक लिटर तेल १०० लिटर पंपाच्या डिझेलमध्ये मिसळलं, तर सगळ्या डिझेलचं गंधक १० वरून जवळपास ६० वर जातं. म्हणजे शंभरात एक लिटर, आणि आपण बीएस-४ च्याही मागे! लिटरमागे वाचलेले चार पैसे नोझल आणि पंपाच्या एका दुरुस्तीत निघून जातात.

हे लक्षात ठेवा

• डिझेल अधिकृत पंपावरूनच घ्या आणि पावती जपून ठेवा.
• शंका आली तर पंपावर घनता तपासून मागा, तो ग्राहकाचा हक्क आहे. मात्र गंधक किती ते घनतेवरून कळत नाही, ते प्रयोगशाळेतच कळतं.
• गाळून, उन्हात ठेवून किंवा बाटलीतलं औषध टाकून गंधक जात नाही.
• पेरॉक्साइडचा प्रयोग घरी चुकूनही करू नका. भाजण्याचा आणि भडका उडण्याचा धोका आहे.
• गावात बेकायदा इंधन विकलं जात असेल तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा विभागाकडे लेखी तक्रार करा.