सेलबोर्न: एका पॅरिशची दोन दप्तरं

लंडनच्या नैऋत्येला, हॅम्पशर परगण्यात सेलबोर्न नावाचं खेडं आहे. ४ ऑक्टोबर १७८३ रोजी इथे झालेल्या मोजदादीत घरं भरली १३६ आणि माणसं ६७६. त्यातली ३१३ गावाच्या मुख्य रस्त्यावर, बाकीची वाड्यावस्त्यांवर. हा तपशील आपल्याला मिळतो तो गिलबर्ट व्हाइट या धर्मोपदेशकाच्या पुस्तकात.

पॅरिश म्हणजे केवळ चर्चची हद्द नव्हे. जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी १५३८ पासून पॅरिशने ठेवायच्या. १६०१च्या कायद्यानंतर गरिबांना पोसण्यासाठी करही तिनेच गोळा करायचा. शिवाय पाद्र्याचा दशमांश, म्हणजे शेतीच्या उत्पन्नातला दहावा हिस्सा, होताच. देव, दप्तर आणि दाणापाणी, सगळं एकाच हद्दीत.

व्हाइट १७२० मध्ये याच गावात, आजोबांच्या पाद्रीघरात जन्मला. पण सेलबोर्नचा मुख्य पाद्री तो कधीच झाला नाही. ती नेमणूक ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजच्या हाती आणि हा तिथल्याच ओरिएल कॉलेजचा! त्यामुळे तो दुय्यम उपदेशकच राहिला. जगाचं त्यात नुकसान काहीच झालं नाही. गावाबाहेरच्या बीच वृक्षांच्या रानात तो हिंडत राहिला. दिसायला जवळपास सारखे असणारे तीन चिमुकले वटवटे त्याने आवाजावरून वेगळे ओळखले. जमीन सुपीक राखण्यात गांडुळांचा वाटा किती मोठा, हे त्याने डार्विनच्या कितीतरी आधी लिहिलं. आत्येकडून वारशाने आलेल्या टिमथी कासवाचं वजनसुद्धा तो करायचा. (हा टिमथी मादी होता, हे कळलं दोघांच्याही मृत्यूनंतर.) मित्रांना लिहिलेल्या पत्रांचं ते पुस्तक १७८९ची तारीख घेऊन निघालं आणि आजतागायत छापलं जातं.

त्या पुस्तकातले गरीब मात्र कष्टाळू, समाधानी, पक्क्या दगडविटांच्या घरांत राहणारे आहेत. मला हे चित्र खोटं वाटत नाही, अपुरं वाटतं. व्हाइट १७९३ मध्ये वारला. त्यानंतर चाळीस वर्षंही झाली नव्हती. मजुरी घसरलेली, मळणीयंत्रांनी हिवाळ्यातलं काम हिरावलेलं. नोव्हेंबर १८३० मध्ये मजुरांचा जमाव पाद्र्याच्या दारात उभा राहिला: दशमांश कमी करा, म्हणजे शेतकरी आम्हाला मजुरी वाढवून देतील. पाद्र्याला मान तुकवावी लागली. पॅरिशचं गरीबघर जमावाने उद्ध्वस्त केलं आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या हेडलीतलंही. पुढे खटले भरले, काहींना ऑस्ट्रेलियात हद्दपार केलं.

१८९४च्या कायद्याने गावकारभार चर्चपासून वेगळा केला. व्हाइटने ज्याचा घेर मोजला होता, तो चर्चच्या आवारातला पुराणा यू वृक्ष जानेवारी १९९०च्या वादळात कोसळला. व्हाइटचं घर आता संग्रहालय आहे, रान नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

व्हाइटचं पुस्तक जरूर वाचावं. मात्र ते वाचून सेलबोर्न कळलं असं समजू नये. १८३०चे खटले वाचल्याशिवाय ते गाव अर्धंच कळतं.